मेंढीपासून मिलि-युनिटपर्यंत : थायरॉइडच्या रिपोर्टमागचा इतिहास

हल्ली बहुतेक घरांत एक फाईल असते. लाइटबिलं, विम्याच्या पावत्या यांच्या शेजारी, त्याच खणात. तिच्यात रक्ततपासण्यांचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले असतात, आणि त्यांतले निदान चार-पाच तरी थायरॉइडचे असतात. टी-३, टी-४, टीएसएच. गेल्या काही वर्षांत त्यांच्या जोडीला ब-१२ आणि ड जीवनसत्त्वंही आली आहेत. आकड्यापुढे वर किंवा खाली जाणारा बाण छापलेला असला की घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणतं, गोळी वाढवायला हवी. कोणी म्हणतं, गोळी आपण नेमाने घेतोय, मग टीएसएच वाढला कसा? आणि ज्यांना थकवा जात नाही, केस गळतात, पण रिपोर्ट मात्र ‘नॉर्मल’ येतो, त्यांच्या बोलण्याकडे कोणी फारसं लक्ष देत नाही.

ह्या आकड्यांना एक इतिहास आहे. औषध आधी आलं आणि ते मोजण्याचं साधन पाऊणशे वर्षांनी आलं. मधल्या काळात डॉक्टरांनी ‘पुरेसं म्हणजे किती?’ ह्या प्रश्नाची उत्तरं वेगवेगळ्या मार्गांनी शोधली. प्रत्येक मार्ग काही काळ पक्का वाटला आणि मग तो कशाने तरी फसतो हे कळलं. हा इतिहास माहीत असला की हातातला रिपोर्ट वेगळ्या नजरेने वाचता येतो.

आठशे सत्तर मेंढ्या

१८७३ मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी प्रौढ वयातल्या काही स्त्रियांच्या एका विचित्र अवस्थेचं वर्णन वैद्यांच्या सभेपुढे वाचलं. चेहरा सुजलेला, जीभ जड, बोलणं संथ, त्वचा कोरडी, विचारांची गती मंदावलेली. पुढे विल्यम ऑर्ड यांनी ह्या अवस्थेला ‘मिक्सिडीमा’ हे नाव दिलं. ह्याचं कारण गळ्यातल्या ग्रंथीत आहे, हे कळायला आणखी एक धागा लागला. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात थिओडोर कोखर हे शल्यविशारद गलगंडाच्या शस्त्रक्रिया करत. ज्यांची ग्रंथी त्यांनी पूर्ण काढून टाकली होती, त्यांतले बरेच रुग्ण पुढे अगदी तसेच सुजले आणि मंदावले. १८८३ मध्ये कोखर यांनी हे स्वतःच जाहीर केलं. आपल्याच शस्त्रक्रियेचा दुष्परिणाम लपवून न ठेवणाऱ्या ह्या माणसाला १९०९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

मग १८९१ साल उजाडलं. इंग्लंडच्या न्यूकॅसलमधले जॉर्ज मरे हे तरुण डॉक्टर. त्यांच्याकडे मिक्सिडीमाची एक ४६ वर्षांची रुग्ण होती. मरे यांनी मेंढीची थायरॉइड ग्रंथी मिळवली, तिचा ग्लिसरीनमध्ये अर्क काढला आणि तो त्या बाईंना त्वचेखाली टोचला. काही आठवड्यांत सूज ओसरली, बोलणं मोकळं झालं, थंडीचा त्रास कमी झाला. पुढच्याच वर्षी हा अर्क टोचायची गरज नाही, ग्रंथी पोटातून दिली तरी चालते, हेही इतरांनी दाखवून दिलं. त्या बाई पुढे आणखी २८ वर्षं जगल्या आणि १९१९ मध्ये, ७४ व्या वर्षी वारल्या. मरे यांनी १९२० मध्ये त्यांची हकिकत प्रसिद्ध केली. एवढ्या वर्षांत त्यांच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या होत्या.

त्या २८ वर्षांत त्या बाईंच्या रक्तातलं थायरॉइडचं प्रमाण एकदाही मोजलं गेलं नाही, कारण मोजण्याची सोयच नव्हती. मरे चेहरा बघत, नाडी मोजत, ताप पाहत, चौकशी करत आणि अर्क कमी-जास्त करत. ही पद्धत त्या बाईंच्या बाबतीत चालली. पण सगळ्यांच्या बाबतीत चालली नाही. ग्रंथीच्या गोळ्या बाजारात आल्यावर लठ्ठपणा घटवायला म्हणूनही लोक त्या घेऊ लागले, आणि धडधड, कंप, वजन झपाट्याने उतरणं असे जास्त मात्रेचे त्रासही दिसू लागले. शिवाय एका मेंढीची ग्रंथी दुसरीसारखी नसते. आजचा अर्क आणि पुढच्या महिन्याचा अर्क यांत औषध किती आहे, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

श्वास मोजला, आयोडीन मोजलं

ग्रंथीतला नेमका पदार्थ शोधण्याचं काम सुरू झालं. १८९५ च्या सुमारास जर्मनीत ऑयगेन बाउमान यांना थायरॉइडमध्ये आयोडीन सापडलं. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी ह्या ग्रंथीतून एक स्फटिकरूप द्रव्य वेगळं केलं. तेच थायरॉक्सिन. पुढे सुमारे तीन टन डुकरांच्या ग्रंथींतून त्यांना जेमतेम ३३ ग्रॅम द्रव्य मिळालं. १९२६-२७ मध्ये चार्ल्स हॅरिंग्टन यांनी त्याची रचना उलगडली आणि जॉर्ज बार्जर यांच्यासोबत ते प्रयोगशाळेत तयारही केलं. आज आपण सकाळी उपाशीपोटी घेतो ती छोटी गोळी म्हणजे ह्याच थायरॉक्सिनचा सोडियम क्षार. १९५० च्या दशकात ती बाजारात रुळली. १९५२ मध्ये जॅक ग्रॉस आणि रोझलिंड पिट-रिव्हर्स यांनी ह्या ग्रंथीचं दुसरं संप्रेरक, टी-३, शोधलं.

औषध शुद्ध झालं, पण मात्रेचा प्रश्न राहिलाच. थायरॉइड शरीराच्या चयापचयाची गती राखते, तेव्हा ती गतीच मोजावी, असा विचार पुढे आला. रुग्णाने रात्रभर उपाशी राहायचं, सकाळी शांत पडून राहायचं, नाकाला चिमटा लावायचा आणि यंत्राच्या नळीतून श्वास घ्यायचा. किती प्राणवायू वापरला गेला, यावरून ‘बेसल मेटॅबॉलिक रेट’ काढायचा. कित्येक वर्षं ही थायरॉइडची मुख्य तपासणी होती. पण नाकाला चिमटा लावून यंत्रापुढे निजवलेला माणूस शांत कसा राहणार? घाबरलेल्या माणसाचा आकडा वाढायचा, ताप असला तरी वाढायचा. म्हणजे ही तपासणी भीतीने फसत होती.

१९४० च्या दशकापासून रक्ताची तपासणी आली. रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं आयोडीन मोजायचं आणि त्यावरून संप्रेरकाचा अंदाज बांधायचा. ही पद्धत श्वास मोजण्यापेक्षा पुष्कळ बरी होती. पण आयोडीन काही फक्त थायरॉइडमधून येत नाही. खोकल्याच्या काही औषधांत ते असे, एक्स-रे काढण्यापूर्वी देण्याच्या द्रव्यांत तर भरपूर असे. असं द्रव्य घेतलेल्या माणसाचा आकडा पुढे कित्येक महिने खोटा येई. गरोदरपणात वाहक प्रथिनं वाढतात, त्यामुळे आजार नसतानाही आकडा चढे. आणि ज्याला नुसती टी-३ ची गोळी चालू आहे, तो ठणठणीत असूनही रिपोर्ट खाली दाखवी. थोडक्यात, ही तपासणी औषधांनी फसत होती.

पंगत आणि पाट

हा पेच न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात सुटला. रोझलिन यालो ह्या भौतिकशास्त्रज्ञ आणि सॉलोमन बर्सन हे डॉक्टर. किरणोत्सारी आयोडीन वापरून ते सुरुवातीला थायरॉइडचाच अभ्यास करत होते. पुढे इन्शुलिनवर काम करताना त्यांच्या हाती जी युक्ती लागली, तिने वैद्यकाचं चित्रच पालटलं. तिला ‘रेडिओइम्युनोअसे’ म्हणतात.

युक्ती अशी. पंगतीत पाट मोजकेच मांडले आहेत. पहिल्यांदा आपण आपली ओळखीची, टिळा लावलेली माणसं आत पाठवली आणि त्याच वेळी दारातून अनोळखी पाहुणेही आले. पाटांवर दोघंही बसणार. पंगत बसल्यावर टिळेवाले कमी दिसले, तर पाहुणे फार आले असा अर्थ. टिळेवाले भरपूर दिसले, तर पाहुणे थोडे. इथे पाट म्हणजे प्रतिपिंडं, टिळेवाले म्हणजे किरणोत्सारी खूण केलेलं संप्रेरक आणि पाहुणे म्हणजे रुग्णाच्या रक्तातलं संप्रेरक. ह्या मोजणीने रक्तातले अतिसूक्ष्म पदार्थही पकडता येऊ लागले. त्यांचा मूळ शोधनिबंध नियतकालिकांनी आधी नाकारला होता. पुढे दोघांनी ह्या पद्धतीचं पेटंट घेतलं नाही. बर्सन १९७२ मध्ये गेले. १९७७ चं नोबेल यालो यांना मिळालं. त्याच पारितोषिकाचा दुसरा अर्धा भाग रॉजर गिलमँ आणि अँड्र्यू शॅली यांना मिळाला. मेंदूतून पीयूषिका ग्रंथीला आज्ञा देणारी संप्रेरकं त्यांनी शोधली होती, आणि त्यांतली पहिली आज्ञा थायरॉइडसंबंधीचीच होती.

१९६५ मध्ये रॉबर्ट अटिगर यांनी ही पद्धत मानवी टीएसएच मोजण्यासाठी वापरली. टीएसएच थायरॉइड तयार करत नाही, पीयूषिका तयार करते. घरात कोणी काम करत नसेल तर हाक मारणाऱ्याचा आवाज चढतो, तसा थायरॉइड मंदावली की टीएसएच चढतो. काम जास्त होऊ लागलं की हाक बंद होते. म्हणून टीएसएच वाढणं याचा अर्थ थायरॉइड ‘वाढणं’ नव्हे, नेमका उलटा. ही हाक फार संवेदनशील असते. रक्तातलं टी-४ निम्म्यावर आलं, तर टीएसएच ढोबळमानाने शंभर पटींनी चढू शकतो.

मुंबईत परळला अणुऊर्जा खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्ये सुरू झालं. थायरॉइडचे रुग्ण हा तिथल्या कामाचा मोठा भाग राहिला. पुढे नवी मुंबईतून अणुऊर्जा खात्याच्याच ‘ब्रिट’ ह्या संस्थेने टी-३, टी-४, टीएसएचच्या तपासणीचे संच देशभर पुरवले. ब्राँक्समधली युक्ती अशी आपल्या दारापर्यंत आली.

नव्या मोजणीने पहिला धक्का दिला तो औषधाच्या मात्रेला. १९७० मध्ये ब्रेव्हरमन, इंगबार आणि स्टर्लिंग यांनी दाखवलं की ज्यांची थायरॉइड चालतच नाही अशा माणसांतही टी-४ चं टी-३ शरीरातच तयार होतं. म्हणजे बहुतेकांना नुसती टी-४ ची गोळी पुरते. आणि टीएसएच पाहून मात्रा ठरू लागली, तेव्हा लक्षात आलं की वर्षानुवर्षं दिली जाणारी २०० ते ४०० मायक्रोग्रॅमची मात्रा कित्येकांना जास्त होती. ती १०० ते १५० च्या आसपास उतरली. आधीच्या पिढीतल्या रुग्णांच्या हृदयावर आणि हाडांवर ह्या जादा औषधाचा भार पडत होता, आणि चेहरा बघून तो कळत नव्हता.

दुसरा धक्का वेगळा होता. न्यूकॅसलजवळच्याच व्हिकम ह्या भागात १९७० च्या दशकात २,७७९ प्रौढांची पाहणी झाली. काही त्रास नसलेल्या अनेकांचा, विशेषतः स्त्रियांचा, टीएसएच थोडा वाढलेला निघाला. वीस वर्षांनी त्यांची पुन्हा पाहणी केली, तेव्हा ज्या स्त्रियांचा टीएसएच वाढलेला होता आणि थायरॉइडविरुद्ध प्रतिपिंडंही होती, त्यांच्यापैकी दर वर्षी चार टक्क्यांहून थोड्या अधिक जणींना उघड आजार होत गेला होता. बाकीच्या पुष्कळजणी तशाच राहिल्या. म्हणजे किंचित वाढलेला आकडा हा इशारा आहे, निकाल नव्हे. आपल्याकडे मुंबई आणि गोव्यासह आठ शहरांत झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांत थायरॉइडची कमतरता आढळली. खणातल्या फायली वाढल्या त्या अशा.

मुंबईच्या गिरण्या आणि ब-१२

थायरॉइडच्या रिपोर्टशेजारी जीवनसत्त्वं का येऊन बसली, याचाही इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा मुंबईत आहे.

१९२८ मध्ये लुसी विल्स ह्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. महागडे यकृताचे अर्क देण्याऐवजी त्यांनी यीस्टचा स्वस्त अर्क देऊन पाहिला आणि बायका बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फोलिक आम्ल, हे नंतर कळलं. इथेही उपाय आधी सापडला, मोजणी नंतर आली. दुसऱ्या प्रकारच्या रक्तक्षयावर १९२६ मध्ये मायनट आणि मर्फी यांनी यकृत खाऊ घालून उपचार केला होता. त्यातला घटक, ब-१२, हाती लागला १९४८ मध्ये. डोरोथी हॉजकिन यांनी त्याची रचना १९५६ पर्यंत उलगडली.

ब-१२ चा थायरॉइडशी संबंध दोन वाटांनी येतो. थायरॉइड मंदावण्याचं मोठं कारण म्हणजे शरीराने स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंडं तयार करणं. जपानी डॉक्टर हाकारु हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये ह्या ग्रंथीचं वर्णन केलं, पण कारण १९५६ मध्ये लंडनमध्ये कळलं. अशी प्रतिपिंडं करणारं शरीर कधीकधी जठराच्या पेशींवरही हल्ला करतं, आणि मग ब-१२ शोषलं जात नाही. जठरातलं आम्ल कमी झालं की थायरॉक्सिनची गोळीही नीट शोषली जात नाही. अॅसिडिटीच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या बाबतीतही असंच घडू शकतं. दुसरी वाट लक्षणांची. थकवा, विसरभोळेपणा, मुंग्या येणं ही ब-१२ च्या कमतरतेची लक्षणं थायरॉइडच्या लक्षणांत सहज मिसळतात. टीएसएच ठीक असूनही थकवा जात नसेल, तर कारण इथे सापडू शकतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात खेड्यांतल्या साठ टक्क्यांहून अधिक गरोदर स्त्रियांत ब-१२ कमी आढळलं होतं. शाकाहार, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणं, ही त्याची आपल्याकडची ओळखीची कारणं.

पण ह्या आकड्यांनाही मर्यादा आहेत. ब-१२ चं इंजेक्शन किंवा गोळ्या घेतल्यावर लगेच काढलेला रिपोर्ट शरीराची अवस्था सांगत नाही, औषध पोटात किंवा रक्तात गेलं एवढंच सांगतो. नुसतं फोलिक आम्ल घेत राहिलं तर रक्तक्षय सुधारतो आणि ब-१२ अभावी मज्जातंतूंची होणारी हानी मात्र आतल्या आत चालू राहू शकते. ड जीवनसत्त्वाचा साठा हळूहळू बदलतो, त्यामुळे दर आठवड्याच्या ६०,००० युनिटच्या पुड्या सुरू केल्यावर सुमारे तीन महिन्यांनी तपासणी करावी. त्या पुड्या डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने घेत राहिल्याने रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढल्याचीही उदाहरणं आहेत. आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी थायरॉक्सिनबरोबर घेतली, तर ती थायरॉक्सिनला आतड्यातच अडवते. चार तासांचं अंतर हवं. गोळी नेमाने घेऊनही टीएसएच चढतो, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

आजची फसगत

श्वासाची तपासणी भीतीने फसली, आयोडीनची औषधांनी फसली. मग आजच्या तपासणीचं काय?

किरणोत्सारी द्रव्य मागे पडून आता बहुतेक प्रयोगशाळांत स्वयंचलित यंत्रं आहेत. त्यांतली बरीच यंत्रं प्रतिपिंडं पकडून ठेवण्यासाठी बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन ही जोडी वापरतात, कारण ही पकड निसर्गातल्या सर्वांत घट्ट पकडींपैकी एक आहे. बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व. रोजची गरज जेमतेम ३० मायक्रोग्रॅम. पण केस-नखांसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम असतं. रक्तात एवढं बायोटिन असलं की ते यंत्रातल्या जागा आधीच अडवून बसतं. परिणामी टीएसएच खोटा कमी दिसतो आणि टी-४, टी-३ खोटे जास्त. रिपोर्टवर चित्र उमटतं ते थायरॉइड जास्त झाल्याचं. हे चित्र खरं मानून गोळी कमी केली, तर मुळात कमतरता असलेला माणूस आणखी खालावतो. आणि केस गळतात म्हणून बायोटिन घेणाऱ्यांत थायरॉइडचे रुग्ण पुष्कळ असतात, ही त्यातली गोम. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला. हृदयविकाराची एक तपासणी बायोटिनने खोटी कमी दाखवल्यानंतर झालेल्या एका मृत्यूचा उल्लेख त्यात होता. थायरॉइडच्या तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन थांबवावं, मोठी मात्रा असेल तर आणखी आधी, आणि ते घेत असल्याचं आवर्जून सांगावं.

म्हणून फाईल उघडताना आकड्यासोबत त्याची हकिकत लिहून ठेवलेली बरी. रक्त किती वाजता दिलं? टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त असतो, दुपारी उतरतो. सकाळची गोळी रक्त देण्याआधी घेतली की नंतर? आधी घेतली तर टी-४ काही तास चढलेलं दिसतं. मात्रा बदलून किती दिवस झाले? थायरॉक्सिन रक्तातून निम्मं व्हायला सुमारे सात दिवस घेतं, पीयूषिका त्याहून सावकाश सावरते, म्हणून सहा ते आठ आठवड्यांआधीचा आकडा अर्धवट असतो. प्रयोगशाळा तीच होती का? सोबत लोह, कॅल्शियम, बायोटिन काय चालू होतं? दिवस गेले असतील तर मर्यादाच वेगळ्या असतात आणि तिथे थांबून चालत नाही. गोळीची मात्रा मात्र स्वतःहून बदलायची नाही. ही हकिकत ज्या डॉक्टरांपुढे ठेवायची, तेच ती बदलतील.

न्यूकॅसलच्या त्या बाईंकडे एकही रिपोर्ट नव्हता, पण त्यांची विचारपूस करून ती लिहून ठेवणारा डॉक्टर होता. आपल्याकडे रिपोर्टांनी भरलेली फाईल आहे. पुढच्या वेळी रक्त देऊन आलात की त्या कागदाच्या मागे तारीख, वेळ, चालू असलेली औषधं आणि त्या महिन्यात कसं वाटत होतं, एवढ्या चार ओळी पेनाने लिहून ठेवा. छापलेल्या बाणाचा अर्थ लावताना डॉक्टरांना त्याच ओळी लागतील.